भिंतीत राहणारे दुर्मीळ खनिज

कॅडेट, इयत्ता १० वी

मोरचूद परीक्षानळीत तापवला की त्याचा निळा रंग जातो आणि पाण्याचे दोन थेंब टाकले की परत येतो, हा प्रयोग आपल्या सगळ्यांनी केलेला आहे. त्याच धड्यात पुढे जिप्सम येते आणि हाड मोडल्यावर उपयोगी पडणारे प्लास्टर ऑफ पॅरिस येते. ही सगळी सजल सल्फेटे. म्हणजे अशी सल्फेटे, ज्यांच्या स्फटिकात ठरावीक प्रमाणात पाणी बांधलेले असते. या कुटुंबातल्या एका सदस्याचे नाव मात्र आपल्या पुस्तकात नाही. ते म्हणजे एट्रिंगाइट. निसर्गात ते जगातल्या मोजक्या जागी सापडते, संग्राहक त्याचे चांगले स्फटिक जपून ठेवतात. आणि तरीही तुम्ही हा अंक ज्या इमारतीत बसून वाचत असाल, तिच्या स्लॅबमध्ये आणि कॉलममध्ये ते जवळजवळ नक्कीच आहे. असा दुर्मीळपणा मला तरी दुसऱ्या कुठल्या खनिजात आढळला नाही, म्हणून या वेळी मराठी पानासाठी हाच विषय घेतला.

आधी त्याचा शोध. जर्मनीत ऱ्हाइन नदीजवळ आयफेल नावाचा जुन्या ज्वालामुखींचा प्रदेश आहे. तिथे एट्रिंगेन हे गाव आणि त्याच्याजवळ बेलरबेर्ग हा थंड झालेला ज्वालामुखी. १८७४ साली लेहमान यांनी तिथल्या लाव्हारसाच्या खडकातून हे खनिज वर्णन केले आणि गावावरून त्याला नाव मिळाले. तिथे काय घडले होते ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तेच परत येणार आहे. वर येताना लाव्हारसाने वाटेतल्या चुनखडीचे तुकडे पोटात घेतले आणि ते भाजून काढले. नंतर खडक निवला, त्याच्या पोकळ्यांतून सल्फेट असलेले पाणी फिरले आणि भाजलेल्या चुनखडीशी त्याची क्रिया होऊन बारीक सुयांसारखे स्फटिक वाढले. दक्षिण आफ्रिकेत कालाहारीच्या मँगनीजच्या खाणींतून याचे मोठे, पिवळे, सहा बाजूंचे स्फटिक निघाले आहेत. इस्राएलमधील हत्रुरिम भागातही ते आहे, आणि तिथले खडकही फार पूर्वी निसर्गतःच भाजले गेलेले आहेत. चुना, ॲल्युमिनियम, सल्फेट, भरपूर पाणी आणि अल्कधर्मी परिस्थिती, एवढे सगळे एकाच जागी आले तरच एट्रिंगाइट तयार होते. पीएच, म्हणजे आपण ज्याला सामू म्हणतो, तो साधारण १०.७ च्या खाली गेला की ते टिकत नाही. साध्या पाण्याचा सामू ७. निसर्ग हा जुळारी क्वचितच करतो.

आता गुणधर्म. रंगहीन ते पिवळसर, थोडे पाणी गमावले की पांढरे पडते. चमक काचेसारखी. काठिण्य मोह्सच्या मापनात २ ते २.५, म्हणजे नखाने ओरखडा उठेल न उठेल इतके मऊ. घनता १.७७. जिप्समची घनता २.३, आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टची ३ च्या जवळ, तेव्हा एट्रिंगाइट हे हलके खनिज आहे. हलके असण्याचे कारण पाणी. एका सूत्रात कॅल्शियमचे ६ अणू, ॲल्युमिनियमचे २, सल्फेटचे ३ गट, हायड्रॉक्सिलचे १२ गट आणि पाण्याचे तब्बल २६ रेणू. जोराने तापवले तर १२ हायड्रॉक्सिलमधूनही ६ रेणू पाणी निघते, एकूण ३२. वही काढून हिशोब करा. सूत्रवस्तुमान सुमारे १२५५, त्यातले पाणी सुमारे ५७६. म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या दिसणाऱ्या दगडात ४६ ग्रॅम पाणी. मोरचुदात ३६ ग्रॅम, जिप्सममध्ये २१ ग्रॅमच असते.

एवढे पाणी राहते कुठे, याचे उत्तर १९७० साली मूर आणि टेलर यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने नीट मांडले. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि हायड्रॉक्सिल मिळून लांब खांब तयार होतात. परेडला स्क्वाड जसे रांगेत उभे राहते तसे हे खांब एकमेकांना समांतर उभे असतात, आणि २६ पैकी २४ रेणू पाणी याच खांबांना चिकटलेले असते. खांबांवर धन प्रभार असतो. मधल्या गल्ल्यांत ऋण प्रभाराची सल्फेटे बसतात, आणि उरलेले २ रेणू पाणी त्यांच्यासोबत. स्फटिक सुईसारखा लांब का वाढतो, हे या रचनेवरून कळते. बाहेरून तो सहा बाजूंचा दिसतो, पण आतल्या सममितीप्रमाणे त्याला ट्रायगोनल गटात घालतात.

वर्गीकरणाबद्दल थोडे. कार्ल ह्यूगो स्ट्रुन्झ या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांचे जे वर्ग पाडले, त्यात सल्फेटे सातव्या वर्गात येतात. त्या वर्गात चार खोल्या आहेत असे समजा. पहिलीत पाणीही नाही आणि सल्फेटाखेरीज दुसरा ऋण गटही नाही, उदाहरणार्थ बराइट. दुसरीत पाणी नाही पण हायड्रॉक्सिलसारखा जादा गट आहे. तिथे जॅरोसाइट राहते, जे २००४ साली ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला मंगळावर सापडले. (कच्छमध्ये मातानोमढ इथेही ते आहे, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तिथे जातात. तो एक वेगळा लेख होईल.) तिसरीत पाणी आहे पण जादा गट नाही, जिप्सम तिथले. चौथीत पाणीही आहे आणि जादा गटही. एट्रिंगाइट या चौथ्या खोलीत. त्याचे स्वतःचे छोटे घराणेही आहे. खांबातल्या ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम आले तर बेंटोराइट, मुख्यतः लोह आले तर स्टर्मनाइट, सिलिकॉन आले आणि गल्लीत सल्फेटासोबत कार्बोनेट बसले तर थॉमसाइट. शेवटच्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ ‘आश्चर्य वाटणे’ असा आहे.

खनिजशास्त्र इथपर्यंत पुरे. आता चेन्नई.

बाबा एमईएसमध्ये आहेत आणि सध्या त्यांचे पोस्टिंग चेन्नईला आहे, त्यामुळे माझ्या सुट्ट्या तिथे जातात. मराठी माणसाला या शहरात एक गंमत वाटते. इथे गवंडीकामाच्या प्रमुखाला मेस्त्री म्हणतात, आणि आपला मिस्त्री तो हाच. शब्द एकच, काम एकच. बाबांबरोबर साइटवर गेलो की मी मेस्त्री अण्णांच्या मागे मागे असतो. त्यांना हिंदी थोडे, मला तमिळ थोडे, बाकी हातवारे. एट्रिंगाइट हे नाव अण्णांनी कधी ऐकले नसेल, पण त्याचे वागणे त्यांना माझ्यापेक्षा आणि पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे. माल किती वेळात वापरायचा, कधी पाणी मारायला सुरुवात करायची, या सगळ्यामागे ते आहे.

सिमेंट कसे होते ते पाहा. चुनखडी आणि माती एकत्र दळून सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजतात. बेलरबेर्गच्या ज्वालामुखीने चुनखडी भाजली होती, तेच काम इथे भट्टी करते. भट्टीतून जे काळसर गोळे निघतात त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट नावाचा एक घटक असतो, तो फार उतावळा. नुसत्या क्लिंकरची पूड करून पाणी घातले तर तो लगेच पाणी धरतो आणि घमेल्यातला माल काही मिनिटांतच घट्ट होऊन बसतो. म्हणून क्लिंकर दळताना त्यात शेकडा ३ ते ५ जिप्सम घालतात. पाणी पडताच जिप्सममधले सल्फेट आणि हा उतावळा घटक एकत्र येतात, आणि त्यांच्यापासून एट्रिंगाइटच्या सुया तयार होऊन कणांभोवती पांघरुणासारख्या बसतात. मग पाणी आत शिरायला वेळ लागतो. अण्णांना माल कालवून, वाहून, फळ्यांत ओतून, थापीने सारखा करायला जे दीड-दोन तास मिळतात, ते या पांघरुणामुळे. या सुया काही मायक्रोमीटर लांब असतात. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रोमीटरच्या आसपास जाड असतो, तेव्हा त्या नुसत्या डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही.

हे जिप्सम तमिळनाडूतही मिळते. चेन्नईच्या दक्षिणेला पेरंबलूर जिल्ह्यात कारै गावाजवळ सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातली चिकणमाती उघडी पडली आहे. तिच्यात जिप्समच्या शिरा आडव्यातिडव्या पसरलेल्या आहेत, आणि त्याच मातीत समुद्री प्राण्यांचे जीवाश्मही मिळतात. तुत्तुकुडीच्या मिठागरांतही मिठाबरोबर जिप्सम निघते. सिमेंटशी तर चेन्नईचे नाते देशात सर्वांत जुने आहे. भारतात सिमेंट बनवण्याचा पहिला प्रयत्न १९०४ साली इथेच, तेव्हाच्या मद्रासमध्ये झाला. चुन्यासाठी त्यांनी समुद्रातले शिंपले वापरले. तो कारखाना चालला नाही, यशस्वी सिमेंट १९१४ साली पोरबंदरला झाले. पण शिंपल्यांची कल्पना हवेतून आलेली नव्हती. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा आरशासारखा गुळगुळीत गिलावा ही मद्रासची जुनी ख्याती होती, इंग्रजांनी त्याला मद्रास चुनाम असे नावच दिले होते.

इथवर एट्रिंगाइट आपला मित्र आहे. आता त्याची दुसरी बाजू, आणि माझ्या मते या खनिजाबद्दल खरे समजून घेण्यासारखे हेच आहे.

पहिल्या दिवसात जिप्सममधले सल्फेट संपते. मग उरलेला ॲल्युमिनेट तयार एट्रिंगाइटवरच क्रिया करतो आणि त्याचे मोनोसल्फेट नावाच्या, कमी पाण्याच्या संयुगात रूपांतर होते. काँक्रीट कडक होते, फळ्या निघतात, रंग लागतो, लोक राहायला येतात. आता समजा पायाच्या बाजूने सल्फेट असलेले पाणी वर्षानुवर्षे मुरत राहिले. मोनोसल्फेट हे नवे सल्फेट घेते आणि परत एट्रिंगाइट होते. ओल्या मालात सुया वाढल्या तर त्यांना जागा होती, माल सरकत होता. आता सगळे घट्ट आहे. हिशोब करून पाहिला तर मूळचा ॲल्युमिनेट आणि त्याला लागणारे जिप्सम मिळून जेवढी जागा व्यापतात, त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्यांच्यापासून होणारे एट्रिंगाइट व्यापते, कारण बाकीचे पाणी ते बाहेरून ओढून घेते. मिठाच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक छिद्रांत हे स्फटिक वाढू लागले की ते छिद्राच्या भिंतींवर दाब देतात. काँक्रीट दाब सोसण्यात बलवान, पण ताण सोसण्यात दुबळे. ते आतून फुगते आणि तडकते. तडे गेले की अजून पाणी, अजून सल्फेट.

जर्मनीतले मिखाएलिस यांनी १८९२ साली याला ‘सिमेंटचा जंतू’ म्हटले. तो काळ बंदरांत काँक्रीट वापरायला लागल्याचा होता. मद्रास बंदराचे पहिले बंधारेही १८७० च्या दशकात काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यांचे बांधायला घेतले होते, आणि १८८१ च्या चक्रीवादळाने ते मोडले. ते काम लाटांचे, यात एट्रिंगाइटचा काही हात नव्हता. पण समुद्रात काँक्रीट ठेवायचे तर लाटांशिवाय आणखी कुणाशी लढायचे आहे, हे त्याच पिढीतल्या इंजिनिअरांना कळत गेले.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. चेन्नई तर एका बाजूने पूर्ण समुद्राला लागलेली, आणि सपाट. आपले भारतीय मानक आयएस ४५६ जमिनीतल्या आणि भूजलातल्या सल्फेटाप्रमाणे जागेचे पाच वर्ग पाडते, आणि प्रत्येक वर्गाला कोणते सिमेंट, किती सिमेंट आणि पाण्याचे प्रमाण किती हे सांगते. यासाठी सल्फेटरोधक सिमेंट मिळते. त्याची युक्ती सोपी आहे. उतावळा ॲल्युमिनेट शेकडा ५ पेक्षा जास्त ठेवायचाच नाही. कच्चा माल नसेल तर एट्रिंगाइट होणार कशाचे?

मग समुद्रकाठी हेच सिमेंट वापरावे, असे कुणीही म्हणेल. पण इथे मानकात एक टीप आहे, बाबांनी ती मला बोट ठेवून दाखवली. जिथे सल्फेटाबरोबर क्लोराइडही आहे, तिथे सल्फेटरोधक सिमेंटापेक्षा शेकडा ५ ते ८ ॲल्युमिनेट असलेले साधे सिमेंट किंवा निम्म्याहून जास्त स्लॅग असलेले स्लॅग सिमेंट चांगले. कारण असे की क्लोराइड आतल्या लोखंडी सळ्यांना गंजवते, आणि हाच उतावळा ॲल्युमिनेट क्लोराइडला पकडून ठेवतो. त्याला पूर्ण हाकलून दिले तर एक दार बंद होते आणि दुसरे उघडते. शिवाय क्लोराइड असताना एट्रिंगाइट पाण्यात जास्त विरघळते, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात त्याची फूग तेवढ्याच सल्फेटाच्या गोड्या भूजलापेक्षा कमी असते. म्हणजे चेन्नईत किनाऱ्यावरच्या जेटीला एक उत्तर आणि आत कुठे नुसत्या सल्फेटाच्या जमिनीत घातलेल्या पायाला दुसरे. माती आणि पाणी तपासल्याशिवाय सिमेंटच्या गोण्या मागवू नयेत, असे बाबा म्हणतात ते यामुळेच. पाण्याच्या बाटल्या तपासणीला जाईपर्यंत काम थांबते, सगळे वैतागतात, पण जमिनीखालचा पाया एकदा झाकला की तो कुणी पाहत नाही.

हे वाचून कुणी घरातल्या प्रत्येक तड्याला एट्रिंगाइट म्हणू लागेल, तर तसे नाही. भिंतीला लोणा लागतो, पांढरी पूड सुटते, ते बहुतेक वेळा ओलीबरोबर वर आलेले साधे क्षार असतात. किनाऱ्यावरच्या इमारतींत छज्जाचा खालचा पापुद्रा सुटून तांबडी सळई दिसते, तो गंज. गंजलेल्या लोखंडाला जास्त जागा लागते म्हणून काँक्रीट फुटते. चेन्नईत गंज हाच मोठा शत्रू आहे. एट्रिंगाइट ओळखायला काँक्रीटचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो किंवा त्याची क्ष-किरणांनी तपासणी करावी लागते. आणि नमुना वाळवताना ओव्हनचे तापमान वाढवले तर एट्रिंगाइटचे पाणी उडून त्याचा स्फटिक मोडतो, मग आरोपीच गायब. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये काँक्रीटच्या टिकाऊपणावर मोठे काम चालते. तिथले प्राध्यापक मनू संथानम यांचे पीएचडीचे संशोधनच सल्फेटच्या हल्ल्यावर होते.

पाण्याचे हे नाजूक बंधन आणखी एका प्रकारे त्रास देते. ताजे काँक्रीट घट्ट होताना स्वतःच तापते. ते ७० अंशांच्या वर गेले तर पहिल्या दिवशीचे एट्रिंगाइट टिकत नाही आणि त्याचे सल्फेट काँक्रीटमध्येच दुसरीकडे अडकून बसते. काही महिन्यांनी, काही वर्षांनी ओल मिळाली की ते सल्फेट सुटते आणि उशिराने एट्रिंगाइट तयार होते. बाहेरून काहीही न येता काँक्रीट आतून तडकते. १९८० च्या दशकात युरोपात वाफेवर लवकर पिकवलेल्या रेल्वेच्या काँक्रीट स्लीपरमध्ये हे लक्षात आले. चेन्नईच्या मे महिन्यात जाड राफ्ट ओतताना पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घालतात, रात्री काम करतात, ते या आणि इतर कारणांसाठी. ट्रक भरून बर्फ सिमेंटच्या कामाला चाललेला पाहिला की नव्या माणसाला हसू येते.

फुगण्याच्या या सवयीला कामाला लावणारेही निघाले. हत्रुरिममधल्या हर येएलिम या टेकडीवरून येएलिमाइट हे नाव पडलेले एक खनिज आहे. त्याचे आणि जिप्समचे सिमेंट केले तर पाणी घातल्यावर मुख्यतः एट्रिंगाइटच तयार होते, तेही ओल्या मालातच आणि झपाट्याने. प्रमाण साधले तर ही फूग काँक्रीटच्या आकुंचनाची भरपाई करते. साधे काँक्रीट पूर्ण ताकद धरायला २८ दिवस धरतात. हे सिमेंट काही तासांत वापरण्याइतके कडक होते, म्हणून बॉम्बने खड्डा पडलेली धावपट्टी घाईने दुरुस्त करायची असते तेव्हा विमानतळांवर या जातीचे सिमेंट वापरतात.